ग्लास

ब्लायनाय फेस्टिन्योग. पाटीच्या दगडाचं गाव.
डोंगर पाटीचे, छपरं पाटीची, कुंपणंसुद्धा,
आणि आभाळ कुणी ओल्या फडक्यानं
नुकतंच पुसून ठेवल्यासारखं.
इथं एका गॅरेजमध्ये टिडिर पॅरी
सहा रिळं घेऊन बसलाय. हा तिसरा हिवाळा.

डबा उघडला तेव्हा आंबूस भपकारा आला होता,
बरणीत पाणी शिरून लोणचं नासावं तसा.
आत सगळंच गुलबक्षी.
समुद्र गुलबक्षी, घोडा गुलबक्षी,
दफनाला जमलेली माणसं
रंगपंचमी उरकून आल्यासारखी.
आकाशी आधी जातो, म्हणाला टिडिर, मग पिवळा.
किरमिजी मात्र बसून राहतो
जेवणं झाल्यावरही न उठणाऱ्या पाहुण्यासारखा.

तशी बाजारात कंपनीची तबकडी आहे, चकचकीत.
तिच्यात नायिका मेणाची झालीय,
नायकाच्या गालावर एक रंध्र नाही,
आणि रात्री सगळ्या मोरपंखी,
कुणाची हौस कोण जाणे.
टिडिर चिडतो. दाणा म्हणजे मळ नव्हे,
दाणा काढला की खाली चित्र उरतच नाही.
(मला तूप आठवलं.
मूळची ती रात्र रवाळ असणार,
यांनी ती वितळवून ठेवली.)

तो एकेक चौकट धुतो. रात्री दोनला
डोळे चुरचुरतात, बायको वरून जमिनीवर टाच आपटते.
पाचव्या रिळात खिडकीत अडकलेला एक केस
त्यानं तसाच ठेवलाय. का, ते सांगत नाही.

अडलंय ते चौथ्या रिळात.
ती बोटीतून धक्क्यावर उतरते. अकरा सेकंद.
दोनशे चौसष्ट चौकटी आणि एक कोट.
कोटाचा रंग काय?

नेस्टा प्यू, वय त्र्याऐंशी,
इथल्या थिएटरात टॉर्च घेऊन माणसं बसवायची.
हाच सिनेमा तिनं सलग तीन आठवडे पाहिलेला, उभ्यानं.
ती म्हणाली, ग्लास.

पेला नव्हे. त्यांच्या भाषेत ग्लास म्हणजे निळा.
पण गवताच्या नावातही तोच ग्लास,
आणि जुन्या माणसांच्या तोंडी
पावसाळी डोंगरही ग्लास.
आपण शेवाळी, पोपटी, चिंतामणी, राखी
अशी दुकानभर ठाणं उलगडून बसतो,
ते एका शब्दात घडी घालून ठेवतात.
टिडिरनं पाच कोट रंगवून दाखवले.
नेस्टानं पाचही वेळा मान हलवली. ‘जवळपास.’

मग गेंटच्या एका दंतवैद्याकडे
त्याच सिनेमाची झलक सापडली,
न विटणाऱ्या जुन्या पद्धतीनं छापलेली.
कोट तीन सेकंद दिसतो.
राखाडी.
साधा, पाटीसारखा राखाडी.

तो नेस्टाला घेऊन आला, हीटर तिच्या पायांशी सरकवला.
बोट लागली. ती उतरली. कोट राखाडी.
नेस्टा काहीच बोलली नाही.
पुन्हा लाव, म्हणाली. पुन्हा राखाडी.
‘ही तीच आहे का रे?’
टिडिरनं गेंटची पट्टी दिव्यासमोर धरली.
तिनं चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं.
मग बऱ्याच वेळानं,
‘मी कुठं उभी असायचे सांगितलं का तुला?
बाहेर जायच्या दारात.
डोक्यावर हिरवा दिवा असायचा, रात्रभर.’

टिडिरचा हात माऊसवर होता.
थोडं हिरवं ढकलणं म्हणजे दोन मिनिटांचं काम.
त्यानं ढकललं नाही.
नोंदवहीत लिहिलं: चौथं रीळ, कोट, ग्लास.
खोटं काहीच नव्हतं त्यात.

नेस्टा उठली. चहा नको म्हणाली.
गॅरेजच्या दाराशी जाऊन उभी राहिली,
पाठ चौकटीला, मान जराशी तिरकी,
उजव्या हाताची मूठ
नसलेल्या टॉर्चभोवती वळलेली.
‘हं,’ म्हणाली. ‘आता लाव.’